नव्वदावा दिवस

कुलगुरूच्या खुर्चीतला माझा शेवटचा दिवस धुक्यात उजाडला. आमचं विद्यापीठ पठारावर आहे, आणि जुलै सरता सरता तिथे ढग अंगणात उतरल्यासारखे उतरतात. इमारतीत शिरतात, जिन्यावर रेंगाळतात, फायली ओल्या करून जातात. त्या सकाळी माझ्या ऑफिसच्या मोठ्या जनेलातून फाटकही दिसत नव्हतं. ओवळीच्या, म्हणजे बकुळीच्या, झाडांचे फक्त शेंडे दिसत होते, तेही तरंगत. मला आपण पाण्याखाली बसलोय असं वाटत होतं आणि तो भास दिवसभर गेला नाही.

गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यात मी इथे लागलो. प्राध्यापक, मग विभागप्रमुख, मग शेवटची दहा वर्षं कुलगुरू, अशी एकवीस वर्षं गेली. माणूस एका जागी एवढा राहिला की त्याला ती जागा आपल्या बापाची वाटू लागते. मला तशी वाटायची, हे कबूल केलेलं बरं.

साडेनऊला पेडण्याहून रघुनाथदादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ. त्याने अभिनंदन वगैरे काही केलं नाही, ती आमच्या घरची रीत नव्हे.

"कृष्णा, आतां तूं रिकामो जालो," तो म्हणाला. "औंदां पुनवेक धोंडो तुवें हाडूंक जाय. बोलपाक म्हजो गळो आसा, पूण गुडघे गेले."

मी येतो म्हणालो. तुझ्या येतोचा मला भरवसा नाही, असं तो सरळ म्हणाला. मग मी विचारलं, कसला धोंडा आणायचा? "बाबा हाडी तो," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

आता हे सांगायला हवं. पेडण्याची पुनव आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना ठाऊक असते. कोजागिरीला देवांची तरंगं निघतात, म्हणजे रंगीत लुगडी नेसवलेले उंच खांब, ज्यांच्यात देव येतो. त्यातला भूतनाथ रुसलेला. त्याला देऊळ नाही आणि त्याला ते एका रात्रीत बांधून हवं आहे. तो रागाने रानाकडे धावत सुटतो, माणसं त्याला अडवतात, समजूत काढतात, देवा बांधतो म्हणतात. देव शांत होतो. देऊळ काही होत नाही. पुढच्या वर्षी देव पुन्हा रुसतो.

त्या समजुतीत आमच्या घराण्याकडे एक बारीकसं काम आहे. गर्दीच्या एका कडेला आमच्यातला एकजण उभा राहतो आणि म्हणतो, "बांदतांव देवा, आजच बांदतांव." माझ्या लहानपणी हे वाक्य बाबा म्हणायचे. मी सात वर्षांचा असेन, त्यांचं धोतर धरून उभा होतो. समोर तो खांब थरथरत होता, माणसं किंचाळत होती, आणि बाबांनी अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं ते वाक्य म्हटलं. सगळं निवलं. मी त्या रात्री जे शिकलो ते पुढे कुठल्याच शाळेत शिकलो नाही. चिडलेल्याला नाही म्हणू नये. करतो म्हणावं, आजच करतो म्हणावं, आणि हळू म्हणावं.

या एका वाक्यावर मी विद्यापीठ चालवलं. प्राध्यापक संपावर गेले, मी करतो म्हणालो. मुलांनी मला चार तास कोंडलं, मी जनेलातून करतो म्हणालो. फाटकावरच्या पाटीवरून तर भाषेचं रामायण झालं. कोंकणीवाले आले, त्यांना कोंकणीत सांगितलं की पाटी कोंकणीत करतो. दुपारी मराठीवाले आले, त्यांना मराठीत सांगितलं. मला त्यात खोटं काही वाटलं नाही. मी पेडण्याचा माणूस, आमच्या घरात कोंकणी, देवळात मराठी आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. पाटी अजून इंग्रजीत आहे.

दोन्हीकडचे लोक मला मानायचे. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, पण पंगत कधी उठली नाही.

आणि रंजना होती.

रंजना शिरगावची. खाणीचा चिखल पावसात वाहून तिच्या सासऱ्याच्या शेतात बसला तेव्हा ती कामाला बाहेर पडली आणि आमच्या बागेत रोजंदारीवर लागली. त्याला एकोणीस वर्षं झाली होती. इथे पठारावर माती नावालाच, खाली सगळा जांभा. त्या जांभ्यात पहारीने खड्डे मारून, टोपल्यांनी माती आणून ओवळीची ती सगळी रांग तिने लावली. मी ज्या झाडांकडे बघत दहा वर्षं विचारात पडल्याचं सोंग केलं, ती झाडं तिची.

आमच्याकडे रोजंदारीच्या माणसाला एकोणनव्वद दिवसांचा कागद देत. नव्वदावा दिवस कोरा. त्या दिवशी ते माणूस विद्यापीठात नाही, कधी नव्हतंच. एक्याण्णवाव्या दिवशी नवा कागद, पहिल्यापासून सुरुवात. सलग नव्वद भरले तर माणूस हक्क मागेल, म्हणून ही युक्ती. कोणी काढली माहीत नाही, पण मी ती मोडली नाही. या लोकांना रजा नसते. ताप आला तर ती गैरहजेरी, आणि गैरहजेरी फार झाली तर पुढचा कागद निघत नाही.

बाकीचे लोक नव्वदाव्या दिवशी घरी झोपत, नाहीतर बाजाराला जात. रंजना इथेच यायची. चांगलं लुगडं नेसून, केसांत फूल माळून, हातात पिशवी घेऊन फाटकातून पाहुण्यासारखी आत यायची आणि ओवळीखालच्या बाकावर बसायची. पान उचलायची नाही, झारीला हात लावायची नाही. एकदा एका शिपायाने तिला हटकलं, तर आज आपण कामाला नाही, बघायला आलोय, असं तिने त्याला सांगितलं म्हणे. मला वरून ते दिसायचं आणि बरं वाटायचं. का बरं वाटायचं, याची आता लाज वाटते. मला वाटायचं, हिचं बरं चाललंय.

दर वर्षी चतुर्थी झाली की ती वर यायची, दाराशी उभी राहायची आणि फायलीचं विचारायची. बागेतल्या सात माणसांना कायम करण्याची फाईल. पहिलं नाव तिचं. मी हळू आवाजात म्हणायचो, करतो गो. ती मान हलवून जायची. फाईल माझ्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात होती आणि तिच्यावर मी चष्म्याचं घर ठेवायचो. सातांना कायम केलं तर झाडूवाले येतील, मग वसतिगृहातले, मग ग्रंथालयातले, ही भीती. ती भीती खोटी नव्हती. पण नाही म्हणायची हिंमत त्याहून कमी होती.

महिन्यापूर्वी एका बैठकीत बागेचं काम कंत्राटदाराकडे द्यायचं ठरलं. एक ऑगस्टपासून. बारावा की तेरावा विषय होता, सगळ्यांना जेवायची घाई होती. मी सही केली. त्या सहीने सात माणसं उद्यापासून घरी बसणार, हे मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कळलं होतं, पण दुसऱ्या कुणाबद्दल तरी कळावं तसं.

त्या शेवटच्या दिवशी जेवणानंतर मला खुर्चीतच डोळा लागला आणि नेहमीचं स्वप्न पडलं. हे स्वप्न मला बरीच वर्षं पडायचं. पेडण्याच्या माळावर चांदण्यात देऊळ बांधलं जातंय. आवाज अजिबात नाही. बायका डोक्यावरून जांभ्याचे चिरे आणतायत आणि भिंत चढतेय. दर वर्षी स्वप्नात एक थर वाढलेला असायचा आणि मी खूश होऊन जागा व्हायचो, की चला, होतंय हळूहळू. त्या दुपारी भिंती पुऱ्या झाल्या होत्या. मी आनंदाने भोवती फिरलो. एकदा फिरलो, पुन्हा फिरलो. चारही बाजूंना नुसती भिंत. दार ठेवायचंच राहिलं होतं. आणि मला कळेना की मी बाहेर आहे की आत.

जाग आली तेव्हा धुकं विरळ झालं होतं. जनेलातून खाली पाहिलं तर बाकावर रंजना बसलेली, चांगल्या लुगड्यात. म्हणजे तिचा नव्वदावा दिवस नेमका आज आला होता. एक्याण्णवावा येणार नव्हता.

तीन वाजता निरोप समारंभ झाला. शाली आल्या, श्रीफळं आली, समईची वात दोनदा विझली. कुलसचिव गोकुळदासबाब बोलायला उभे राहिले. सज्जन माणूस, माझ्याबरोबर सोळा वर्षं काढलेला. ते म्हणाले, सरांचा एकच गुण सांगतो, सरांनी आजवर कुणालाही नाही म्हटलं नाही. टाळ्या इतक्या वाजल्या की मला मान खाली घालावी लागली. लोकांना वाटलं, मला भरून आलंय. मला नुसतं बसवत नव्हतं. पुढच्या रांगेत पाटीवाले दोन्हीकडचे बसले होते आणि दोघेही टाळ्या वाजवत होते.

चहा सुरू झाला तसा मी मागच्या दाराने निघालो. गळ्यातली शाल काढायची राहिली, ती तशीच घेऊन खाली बागेत गेलो. रंजना उठली. मी बस म्हणालो आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. एकोणीस वर्षांत आम्ही दोघं एका बाकावर पहिल्यांदा बसत होतो. झाडांवरून थेंब पडत होते आणि धुक्यात सभागृहातला आवाज दुसऱ्या गावातून यावा तसा येत होता.

मी तोंड उघडलं. मला ते वाक्य ओठावर आलेलं कळत होतं, हळू आवाजासकट.

"सर, आज म्हाका 'करतां' म्हणूं नाकात," रंजना म्हणाली.

मग ती बोलत राहिली, झाडांकडे बघत, चढ्या आवाजाशिवाय. सात वर्षांपूर्वी डिचोलीच्या एका शाळेत तिला शिपाई म्हणून घेत होते. कायम. घरापासून चालत जायचं अंतर. हेडमास्तर दोनदा घरी येऊन गेले. तिने त्यांना नको म्हणून सांगितलं, कारण नुकतीच चतुर्थी झाली होती आणि मी करतो म्हणालो होतो. नंतर मांद्र्याला तिच्या बहिणीने एका गेस्ट हाऊसच्या बागेचं काम बघितलं, राहायला खोलीसकट. तेही तिने सोडलं. त्या वर्षी मी फाईल काढून तिला दाखवलीही होती. मला ते आठवत होतं. चष्म्याचं घर बाजूला करून मी फाईल वर धरली होती, देवाला आरती दाखवावी तशी.

"तुमी 'ना' म्हणिल्लें जाल्यार," ती म्हणाली, "हांव तेन्नाच गेल्लें आसतलें."

मी नाही म्हटलं असतं तर ती तेव्हाच गेली असती, हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काय करायचं ते माहीत होतं. चिडलेल्या माणसाला निववणं माझ्या हाडात होतं. न चिडलेल्या माणसापुढे मी काय करू?

मी विचारलं, मग आज का आलीस. तिने समोर बोट केलं. उद्यापासून कंत्राटदाराची माणसं येणार, शेवटची दोन झाडं अजून लहान आहेत, त्यांचे आधाराचे बांबू ती काढतील असं तिला वाटत होतं. मी कुणाला तरी सांगावं, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि तिथे, त्या ओल्या बाकावर, मला धोंडा आठवला.

बाबा ते वाक्य म्हणायचे तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक चिरा असायचा. मी सात वर्षांचा, धोतराला धरलेलं, माझ्या नजरेच्या वर ते सगळं. संध्याकाळी ओहोळाकडे जाऊन ते तो निवडून आणायचे, चढावर दोनदा थांबायचे. वाक्य म्हणून झालं की गर्दीतून मागे जाऊन माळाच्या कडेला तो ठेवून द्यायचे. तिथे चिऱ्यांची रास होती, आजोबांच्या, पणजोबांच्या हातची. आम्ही पोरं तिच्यावर चढून खेळायचो. मला तो नुसता एक ढिगारा वाटायचा. वाक्य ऐकू येतं, म्हणून मी वाक्य उचललं. धोंडा जड असतो, तो दादाकडे राहिला.

मी उठलो. रंजनाला काहीच म्हणालो नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यासमोरून एक शब्द न बोलता गेलो, आणि तिला काय वाटलं असेल ते वाटो.

जिना चढताना पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेपाचला मी कुणीच नव्हतो. ऑफिसात माझ्या खोक्यांना सुतळ्या बांधून झाल्या होत्या, पण फाईल जागेवर होती. तातडीच्या प्रसंगी कुलगुरूने स्वतःच्या अधिकारात निर्णय घ्यावा आणि मग कौन्सिलला कळवावं, असं एक कलम आहे. दहा वर्षं ते मला तोंडपाठ होतं. मी सात नावं पुन्हा वाचली आणि हाताने आदेश लिहिला. बागेचे हे सात कर्मचारी आजपासून कायम. खाली सही, तारीख, आणि वेळसुद्धा घातली.

गोकुळदासबाब चहाचा कप घेऊन मला शोधत आले. वाचून त्यांनी कप खाली ठेवला. सर, हे टिकायचं नाही, असं ते म्हणाले. कंत्राट झालंय, कौन्सिल तुम्हांला जाब विचारेल, निवृत्तीनंतर चौकशी मागे लागेल, सुखाचा जीव दुःखात कशाला घालता. ते माझ्या भल्याचं बोलत होते. माझी जुनी सवय उसळली आणि मी जवळजवळ म्हणालो की बघतो.

"ना," मी म्हणालो. "आतां जावक क्रमांक घालात."

गोकुळदासबाबांनी स्वतः जाऊन क्रमांक घातला, शिक्का मारला आणि सातही प्रती माझ्यासमोर पाकिटांत घातल्या. पाच सव्वीस झाले होते. सगळ्याला मिळून सोळा मिनिटं लागली. ती सोळा मिनिटं माझ्याजवळ रोज होती, दहा वर्षं, हे तेव्हा कळलं.

जनेलातून पाहिलं तर बाक रिकामा होता. धुकं पुन्हा उतरलं होतं.

त्यानंतर मी पेडण्याला येऊन राहिलो. दिवस फार लांब झाले. सकाळी पाववाला पोदेर यायचा, दुपारी दादा आणि मी पडवीत बसून कुठल्या झाडाला किती नारळ धरलेत यावर वाद घालायचो. सप्टेंबरात विद्यापीठाचं पत्र आलं. मी नियम धाब्यावर बसवले, ही बाब गंभीर आहे, खुलासा करा. तीन पानी पत्र. दादाने चष्मा लावून ते सगळं वाचलं आणि विचारलं की तू खरंच असं केलंस का. मी हो म्हणालो. त्या रात्री त्याने मला माशाचा डोक्याकडचा तुकडा वाढला. त्या पत्रात मी सही केलेल्या आदेशाचं पुढे काय झालं याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी फोन करून विचारलं असतं, पण धीर झाला नाही. टिकला नसेल तर मी तिला पुन्हा एकदा फसवलं होतं, आणि या वेळी कागदावर.

कोजागिरीच्या दिवशी चार वाजता मी ओहोळावर गेलो. दादा काठी टेकत काठापर्यंत आला आणि तिथून हुकूम सोडत राहिला. तो नको, तो भुसभुशीत. हा नको, हा लहान, देवाला काय फसवतोस. शेवटी एक चिरा त्याच्या पसंतीला उतरला. मी पंचा दुमडून खांद्यावर ठेवला आणि चिरा उचलला. पासष्टाव्या वर्षी माणसाने असली कामं करू नयेत. पहिल्या चढावर मी थांबलो, बाबा थांबायचे तिथेच.

रस्ता माणसांनी भरला होता. खाजेवाल्यांची दुकानं लागली होती, ऊन तिरकं झालं होतं, धुळीत सगळं सोनेरी आणि जरा अस्पष्ट दिसत होतं, आणि मला पुन्हा तो पाण्याखालचा भास झाला. त्या गर्दीतून एक बाई माझ्याकडे येत होती. चांगलं लुगडं, केसांत फूल, हातात पिशवी. पाहुण्यासारखी चाल.

ते लुगडं मी ओळखत होतो. ते ती कधी नेसते, तेही मला माहीत होतं.

रंजना समोर येऊन थांबली. माझ्या खांद्यावरच्या चिऱ्याकडे तिने एकदा पाहिलं.

"नव्वदावो दीस गो?" मी विचारलं.

"ना सर," ती म्हणाली. "रजा घेवन आयलें."

दोन्ही हात चिऱ्याला होते. मला डोळेही पुसता आले नाहीत.